वाळूच्या ढिगाऱ्याभोवतीची वस्ती

ब्राझीलमधील पांतानालच्या पाणथळ प्रदेशात, गुरांच्या कुरणापलीकडच्या विरळ झाडीत, एका वयस्क गुराख्याने मला वाळूचा एक ढिगारा दाखवला. ढिगारा माझ्या गुडघ्याच्या वर येत होता. त्याच्या मागे जमिनीत तिरके उतरत गेलेले बीळ होते आणि त्याचे तोंड एवढे रुंद होते की आठ-दहा वर्षांचे मूल सरपटत सहज आत गेले असते. माझे बालपण रत्नागिरी जिल्ह्यात गेल्यामुळे मला आधी साळिंदर आठवले, मग खवले मांजर आठवले. पण हे बीळ त्या दोघांच्याही मापाचे नव्हते. गुराखी म्हणाला, “तातू-कनास्त्रा.” त्याचा सारा जन्म त्याच कुरणांत गेला होता आणि तो प्राणी त्याने प्रत्यक्ष दोनदाच पाहिला होता. मला तर तो एकदाही दिसला नाही.

माझ्या पतीच्या नोकरीमुळे आम्ही काही काळ मातो ग्रोसो दो सुल या राज्याच्या राजधानीत, काम्पो ग्रांदे येथे राहत होतो. ते शहर असे आहे की घराजवळच्या वाळलेल्या ताडाच्या खोडात निळे-पिवळे मकाव पोपट घरटे करतात आणि संध्याकाळी बागेतल्या तळ्याकाठी कापिबारांचे, म्हणजे प्रचंड उंदरासारख्या दिसणाऱ्या प्राण्यांचे, कळप चरत असतात. त्यामुळे आपल्याला येथील वन्यजीवन बऱ्यापैकी कळले आहे, असा माझा समज होऊ लागला होता. त्या ढिगाऱ्याने तो समज मोडला आणि त्यानंतर मिळेल ते वाचण्याचा, विचारण्याचा मला नादच लागला.

तातू-कनास्त्रा म्हणजे महाकाय आर्माडिलो, अंगावर हाडांची ढाल वागवणारा एक सस्तन प्राणी. ‘तातू’ हा तुपी भाषेतून पोर्तुगीजमध्ये आलेला शब्द आर्माडिलोंच्या सगळ्याच जातींना लागतो आणि ‘कनास्त्रा’ म्हणजे पेटारा. चिलखत घातलेला हा देह खरोखरच एखाद्या जुन्या पेटाऱ्याएवढा असतो. शेपटीसकट त्याची लांबी दीड मीटरपर्यंत भरते आणि पूर्ण वाढलेल्या प्राण्याचे वजन पन्नास किलोपर्यंत जाऊ शकते. त्याच्या तोंडात शंभरापर्यंत दात असतात, आणि एवढे दात जमिनीवरच्या दुसऱ्या कोणत्याही सस्तन प्राण्याला नसतात. मात्र ते साधे खुंट्यांसारखे असतात, कारण त्याचे अन्न प्रामुख्याने वाळवी आणि मुंग्या हेच असते. पुढच्या पायाचे मधले नख कोयत्याच्या पात्यासारखे वाकडे आणि वीतभर लांबीच्या जवळपास जाणारे असते. त्या नखाच्या बळावर तो उन्हाने विटेसारखी झालेली वारुळे फोडतो आणि पाच-पाच मीटर लांबीची बिळे खणतो. तो रात्री बाहेर पडतो, एकटा हिंडतो आणि दिवस जमिनीखाली काढतो.

येथे खवले मांजराविषयी थोडे सांगणे आवश्यक वाटते, कारण आर्माडिलोचे चित्र पाहिले की आपल्याकडचा माणूस त्याला खवले मांजरच म्हणतो. दोघांचे अन्न सारखे, दोघांची नखे सारखी, दोघेही अंगावर ढाल बाळगणारे. तरीही ते एकमेकांचे नातेवाईक नाहीत. खवले मांजराचे खवले आपल्या नखांच्याच द्रव्याचे असतात आणि कौलांसारखे एकावर एक बसलेले असतात. आर्माडिलोची ढाल त्वचेत तयार झालेल्या हाडांच्या पट्टिकांची असते आणि तिच्यावर त्याच द्रव्याचे पातळ आवरण असते. आर्माडिलोचे सख्खे म्हणावेत असे नातेवाईक म्हणजे मुंगीखाऊ आणि झाडांना उलटे लटकणारे मंदगती स्लॉथ. खवले मांजराचे सर्वांत जवळचे हयात नातेवाईक मात्र मांसभक्षक गटातले, म्हणजे मांजर, कुत्रा, अस्वल यांच्या बाजूचे आहेत. आपल्या लोकांनी त्याला ‘मांजर’ म्हटले ते बहुधा दिसण्यावरून, पण ते नाव वंशावळीच्याही जवळ गेले, याचा मला विशेष आनंद वाटतो. मेक्सिकोतील आस्तेक लोकांनी आर्माडिलोला ‘कासव-ससा’ अशा अर्थाचे नाव दिले होते आणि स्पॅनिश लोकांनी ‘छोटा चिलखतधारी’ म्हटले. प्रत्येकाने आपल्या ओळखीच्या गोष्टींतून त्याला समजून घेण्याचा प्रयत्न केलेला दिसतो.

आर्माडिलोंचे घराणे मूळचे दक्षिण अमेरिकेचेच. तो खंड कोट्यवधी वर्षे चारही बाजूंनी समुद्राने वेढलेला होता आणि त्या एकांतात तेथे असे प्राणी घडले जे अन्यत्र कोठेही घडले नाहीत. सुमारे तीस लाख वर्षांपूर्वी पनामाची भूपट्टी पूर्णपणे वर आली, दोन्ही अमेरिका जोडल्या गेल्या आणि प्राण्यांची मोठी ये-जा झाली. जाग्वार आणि प्यूमा या मोठ्या रानमांजरी, टापिर, लामाचे पूर्वज हे सगळे उत्तरेकडून आलेले. आज आपण त्यांना दक्षिण अमेरिकेची ओळख मानतो, पण आर्माडिलोंच्या तुलनेत ते अलीकडचे रहिवासी आहेत. डार्विनला १८३२ साली अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावर पुंता आल्ता येथे जे जीवाश्म मिळाले, त्यांत हाडांच्या पट्टिकांचे तुकडेही होते. मोटारीएवढ्या आकाराच्या ग्लिप्टोडॉन या चिलखती प्राण्यांविषयी पुढे बराच वाद झाला आणि २०१६ मध्ये त्यांच्या प्राचीन डीएनएच्या अभ्यासातून ते आर्माडिलोंच्याच वंशवृक्षावरची एक फांदी होते, हे स्पष्ट झाले. दक्षिण ब्राझीलमध्ये माणूस उभा राहून चालू शकेल अशी प्राचीन बिळे सापडली आहेत. ती जमिनीवर राहणाऱ्या महाकाय स्लॉथांनी किंवा नामशेष झालेल्या प्रचंड आर्माडिलोंनी खणली असावीत, असे भूशास्त्रज्ञ मानतात. भिंतींवर नखांचे ओरखडे अजून दिसतात. ते सर्व प्राणी गेले. खणण्याची ती परंपरा मोठ्या मापावर चालवणारा आज एकच उरला आहे आणि तो म्हणजे तातू-कनास्त्रा.

या प्राण्याविषयी २०१० सालापर्यंत विज्ञानाला फार थोडे ठाऊक होते. त्या वर्षी आर्नो देबिए या संशोधकाने पांतानालच्या न्येकोलांदिया भागातील बाईया दास पेद्रास या गुरांच्या रांचवर दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. न्येकोलांदिया म्हणजे हजारो लहान तळ्यांचा, त्यांच्यामधल्या किंचित उंच वाळूच्या पट्ट्यांवर उभ्या असलेल्या झाडीचा प्रदेश. पावसाळ्यात पाणी पसरते आणि कोरडी जमीन त्या पट्ट्यांपुरतीच उरते. बिळेही त्याच पट्ट्यांवर असतात. प्राणी दिसत नाही, म्हणून संशोधकांनी बिळांसमोर स्वयंचलित कॅमेरे बांधले. आणि मग त्या कॅमेऱ्यांत तातू-कनास्त्राखेरीज इतरच प्राणी येऊ लागले.

पहिल्या काही वर्षांत सत्तर बिळांवर ठेवलेल्या पाळतीतून वीसपेक्षा अधिक जातींचे प्राणी या बिळांचा वापर करताना नोंदले गेले. छोटा मुंगीखाऊ आत जाऊन झोपतो. ओसेलॉट ही ठिपक्यांची रानमांजर बिळात डोकावते, कधी विसावते. पेकारी हे रानडुकरांसारखे दिसणारे प्राणी ताज्या उकरलेल्या वाळूत लोळतात, कारण उन्हाच्या वेळी खालून आलेली ती वाळू थंड असते. सरडे, लहान आर्माडिलो, कोल्ह्यासारखे प्राणी, जमिनीवर चालणारे पक्षी वाळूतले किडे वेचायला येतात. प्यूमा ढिगाऱ्यावर बसतो, कारण येथे कोणी ना कोणी येणार हे त्यालाही कळते. बाहेर दुपारचे तापमान चाळीस अंशांकडे झुकलेले असो किंवा दक्षिणेकडून थंड वाऱ्याची लाट आलेली असो, बिळाच्या आत ते चोवीस-पंचवीस अंशांच्या आसपास राहते. स्वतः तातू-कनास्त्रा एका बिळात बहुधा एक-दोन दिवसच काढतो आणि पुढे जाऊन नवे खणतो. म्हणजे त्याच्या सुमारे पंचवीस चौरस किलोमीटरच्या वावरक्षेत्रात तो आयुष्यभर इतरांसाठी घरे मागे ठेवत जातो. परिसंस्थेचा अभियंता, म्हणजे इतर जीवांची राहण्याची जागा घडवणारा प्राणी, ही संज्ञा मी मुलांना शिकवताना नदीत बांध घालणाऱ्या बीव्हरचे उदाहरण देत असे, कारण पुस्तकात तेच होते. माझ्या हातात आज वर्ग असता तर मी हे बीळ फळ्यावर काढले असते.

ज्या प्राण्यावर इतके जण अवलंबून आहेत, तो किती हळू वाढतो हे कळल्यावर मात्र मन अस्वस्थ होते. मादी सात ते नऊ वर्षांची झाल्यावर प्रजननक्षम होते. पाच महिन्यांच्या गर्भकाळानंतर एकच पिल्लू होते. ते वर्षभराहून अधिक काळ आईने खणलेल्या बिळांवर आणि तिच्या देखरेखीवर अवलंबून असते, त्यामुळे दोन पिल्लांमध्ये साधारण तीन वर्षांचे अंतर पडते. संशोधकांनी ज्या पहिल्या पिल्लाची वाढ सविस्तर टिपली, त्याचे नाव आलेक्स आणि त्याच्या आईचे इझाबेल. आलेक्सला पुढे प्यूमाने मारले. निसर्गात असे होणारच, हे मला कळते. पण एका मादीची सलग काही वर्षांची सारी गुंतवणूक एका रात्रीत संपते, तेव्हा त्या प्रदेशात शंभर चौरस किलोमीटरमागे असे सात-आठच प्राणी आहेत, हा आकडा निराळाच वाटू लागतो. अशा प्राण्याच्या बाबतीत ‘थोडी शिकार चालते’ हे वाक्य बोलताच येत नाही. दर वर्षी एखाददुसरा प्रौढ प्राणी जरी जास्त मेला, तरी जन्मदर ती तूट भरून काढू शकत नाही. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत तो ‘असुरक्षित’ या वर्गात आहे आणि अनेक भागांतून तो कोणाच्या लक्षातही न येता नाहीसा झालेला आहे.

पांतानालमध्ये तो टिकला, याचे श्रेय बऱ्याच अंशी तेथील जुन्या पशुपालनाला द्यावे लागते. ब्राझीलमधील पांतानालची सुमारे पंचाण्णव टक्के जमीन खासगी मालकीची आहे आणि तिच्यावर दोनशेहून अधिक वर्षे गुरे चरत आली आहेत. नैसर्गिक कुरणे, पुराच्या पाण्याबरोबर गुरे हलवण्याची पद्धत आणि फार विरळ मनुष्यवस्ती यांमुळे झाडी टिकून राहिली. आपल्याकडे संवर्धन म्हटले की सरकारी अभयारण्याची सीमारेषा डोळ्यांसमोर येते. येथे मात्र रांचमालकाने फाटक उघडले तरच संशोधक आत जाऊ शकतो, आणि मला भेटलेल्या रांचमालकांना आपल्या जमिनीवर तातू-कनास्त्रा आहे याचा स्पष्ट अभिमान होता.

तरीही आगीपुढे मालकीहक्काचा उपयोग नसतो. २०२० मध्ये पांतानालचा सुमारे तीस टक्के भाग जळाला. त्यानंतरच्या एका अभ्यासात जळालेल्या जमिनीवर ठरावीक अंतर चालून मृत प्राणी मोजण्यात आले आणि त्यावरून सुमारे एक कोटी सत्तर लाख पृष्ठवंशीय प्राणी थेट आगीने मेले असावेत, असा अंदाज काढण्यात आला. यांतले बहुसंख्य छोटे साप, उंदीर, पक्षी होते. म्हणूनच त्यांची छायाचित्रे फारशी छापून आली नाहीत. २०२४ मध्ये पुन्हा मोठी आग लागली. आगीच्या वेळी खोल बीळ आसरा देऊ शकते, पण बाहेर आल्यावर प्राण्याने राखेत काय खावे, हा प्रश्न आग विझल्यानंतरही सुटत नाही.

पांतानालच्या पूर्वेला जमीन चढत जाते आणि सेराडो सुरू होतो. वाकड्या खोडांची, जाड सालीची झाडे आणि त्यांच्यामध्ये गवत असा हा माळरान-वनाचा प्रदेश सुमारे वीस लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला होता. त्यातील जवळजवळ निम्मी मूळ वनस्पती आज राहिलेली नाही. सोयाबीन, ऊस, लावलेली कुरणे आणि कागदासाठीचे निलगिरीचे मळे यांनी ती जागा घेतली आहे. आपल्या विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन हे कर्जाच्या आणि पावसाच्या हिशेबात अडकलेले पीक आहे. तेच पीक तेथे क्षितिजापर्यंत एकाच मालकाच्या नावावर पाहताना मी पहिल्यांदा गप्पच झाले होते. या सगळ्यात जंगलाचे तुकडे उरले आहेत आणि त्या तुकड्यांच्या कडेने मधमाशीपालक आपल्या पेट्या ठेवतात.

तेथील मधमाश्या साध्या नाहीत. १९५० च्या दशकात अधिक मध देणारी जात तयार करण्यासाठी आफ्रिकेतून राणीमाश्या ब्राझीलमध्ये आणल्या गेल्या आणि १९५७ मध्ये साओ पावलो राज्यातील रियो क्लारो येथून त्यांतल्या काही निसटल्या. युरोपीय माश्यांशी त्यांचा संकर झाला आणि ती चिडखोर संकरित जात सबंध खंडभर पसरली. अशा माश्यांच्या पेट्या घराजवळ किंवा गोठ्याजवळ ठेवता येत नाहीत. त्या वस्तीपासून दूर, झाडीच्या कडेला ठेवाव्या लागतात. म्हणजे नेमक्या तेथे, जेथे तातू-कनास्त्राचे उरलेसुरले घर आहे. अन्नासाठी उपाशी असलेला तो प्राणी रात्री येतो, मागच्या पायांवर आणि शेपटीवर भार देऊन उभा राहतो, पेटी ढकलून पाडतो आणि आतल्या अळ्या खातो. माश्यांच्या डंखांची त्याला फारशी पर्वा नसते. काही दिवसांच्या अंतराने तो पुन्हा येतो. छोट्या मधपाळाच्या पंधरा-वीस पेट्यांपैकी काही अशा रीतीने गेल्या, तर त्याचा त्या हंगामाचा नफा संपतो. त्यांतल्या काहींनी विष ठेवले, काहींनी सापळे लावले. त्यांचा राग मला समजू शकतो; आंब्याच्या हंगामात वानरांनी बाग उद्ध्वस्त केलेली मी माझ्या माहेरी पाहिली आहे आणि त्या रात्री घरातल्या मोठ्या माणसांच्या तोंडी कोणते शब्द होते, तेही मला आठवते.

या प्रश्नावर पुढे जे घडले, ते मला या साऱ्या विषयातले सर्वांत मोलाचे वाटते. संशोधकांनी मधपाळांना दोषी ठरवण्याऐवजी त्यांच्याबरोबर बसून प्रत्येक उपाय पेट्यांवर करून पाहिला. पेटी मजबूत घोडीवर सुमारे १.३ मीटर उंच ठेवली, तर त्या प्राण्याचे बळ तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. जेथे इतक्या उंचीवरून मध काढणे गैरसोयीचे होते, तेथे पेट्यांच्या पायांना पट्टे बांधणे, सभोवती पक्के कुंपण घालणे किंवा विजेचा सौम्य धक्का देणारी तार ओढणे असे पर्याय शोधले गेले. कोणता उपाय कोणाला परवडतो, हे मधपाळांनी स्वतः सांगितले. जे मधपाळ हे उपाय करतात आणि प्राण्याला इजा करत नाहीत, त्यांच्या मधाला ‘तातू-कनास्त्राचा मित्र’ अशा अर्थाचे प्रमाणपत्र मिळते. काम्पो ग्रांदेत माझ्या स्वयंपाकघरात तशी एक बाटली होती. मध गडद होता आणि त्याला किंचित कडसर मागचव होती. शेजारीण पहिल्यांदा बाटलीवरचे चित्र पाहून म्हणाली की, हा प्राणी तर आता जगात उरलेलाच नाही असे तिला वाटत होते. ती त्याच राज्यात जन्मलेली होती.

काम्पो ग्रांदेहून पश्चिमेला आकिदावाना, मिरांदा आणि पुढे बोलिव्हियाच्या सीमेवरील कोरुम्बापर्यंत बीआर-२६२ हा महामार्ग जातो. त्या रस्त्यावर मी मोठा मुंगीखाऊ पहिल्यांदा पाहिला, तो मेलेला. झुपकेदार शेपटी डांबरावर पसरली होती आणि एरवी आईच्या पाठीवर तिच्या पट्ट्यात आपला पट्टा मिसळून बसणारे पिल्लू थोड्या अंतरावर पडले होते. मी तो प्रसंग येथे अधिक लिहिणार नाही. मोठा मुंगीखाऊ हाही आर्माडिलोंच्या घराण्यातला. त्याचेही एका वेळी एकच पिल्लू असते आणि आई ते कित्येक महिने पाठीवर वागवते. त्याच्या शरीराचे तापमान इतर सस्तन प्राण्यांपेक्षा कमी असते, ऊन आणि थंडी दोन्ही त्याला सोसत नाहीत, म्हणून त्याला सावलीच्या झाडीतून झाडीकडे सतत जावे लागते आणि त्या वाटेत महामार्ग आडवा येतो. २०१७ पासून याच राज्यात मुंगीखाऊ आणि महामार्ग यांचा स्वतंत्र अभ्यास चालू आहे. अंगावर ठावठिकाणा टिपणारा पट्टा बांधलेल्या मुंगीखाऊंच्या हालचाली आणि रस्त्यावरच्या मृत्यूंची मोजदाद यांतून असे दिसून आले की, वाहनांखाली होणारे मृत्यू त्याच्या संख्यावाढीचा वेग जवळजवळ निम्म्यावर आणू शकतात. काही वाहनचालक मुंगीखाऊ दिसणे अपशकुनी मानतात, असेही संशोधकांना मुलाखतींतून आढळले. आपल्याकडे घुबडाच्या वाट्याला जे येते, तेच तेथे या दात नसलेल्या, निरुपद्रवी प्राण्याच्या वाट्याला आले आहे. रस्त्याखालून भुयारी वाटा आणि त्यांच्याकडे नेणारे कुंपण हा यावरचा उपाय माहीत आहे. तो खर्चिक आहे, पण महामार्ग बांधणेही खर्चिकच असते आणि तो खर्च आपण करतोच.

सर्वांत प्रसिद्ध आर्माडिलोची कथा मात्र वेगळ्या वळणाने गेली. ईशान्य ब्राझीलच्या कातिंगा या काटेरी, कोरड्या झुडपी रानात तातू-बोला, म्हणजे चेंडू-आर्माडिलो राहतो. आर्माडिलोंच्या वीसहून अधिक जातींपैकी अंगाचा पूर्ण गोळा करून घेणाऱ्या दोनच जाती आहेत आणि ही त्यांतली एक. ती नामशेष झाली असावी, असे एके काळी मानले जात होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती पुन्हा सापडली. गोळा झालेल्या तातू-बोलाला जाग्वारचे दातही सहसा उघडू शकत नाहीत, पण माणूस तो गोळा नुसता उचलून पोत्यात टाकतो. गोळा झाल्यावर त्याला पळता येत नाही आणि एरवीही खोल खणता येत नाही. ज्या युक्तीने तो लाखो वर्षे जगला तीच माणसापुढे त्याचा घात करते. २०१४ च्या फुटबॉल विश्वचषक स्पर्धेचा शुभंकर म्हणून त्याची निवड झाली. फुलेको हे त्याचे नाव पोर्तुगीजमधील फुटबॉल आणि पर्यावरण या शब्दांना जोडून केलेले होते. स्पर्धेच्या आधी ब्राझीलमधील काही परिसंस्थाशास्त्रज्ञांनी एक सूचना मांडली की, स्पर्धेत होणाऱ्या प्रत्येक गोलामागे कातिंगाचे १,००० हेक्टर क्षेत्र संरक्षित करावे. स्पर्धेत १७१ गोल झाले. तशी घोषणा झाली नाही. शुभंकराची खेळणी जगभर विकली गेली आणि त्याच काळात कातिंगातली झाडे कोळशासाठी तोडली जात राहिली, हे मला आजही खुपते. पेर्नाम्बुको राज्याने २०१५ मध्ये तातू-बोलाच्या नावानेच एक वन्यजीव आश्रयस्थान घोषित केले आणि २०१८ मध्ये बाईया राज्यात बोकेरांव दा ओन्सा हे राष्ट्रीय उद्यान झाले, एवढा दिलासा आहे.

खंडाच्या इतर भागांतल्या आर्माडिलोंविषयी लिहायचे तर दुसरा लेख लागेल. अर्जेंटिनातील मेंदोसाच्या रेताड मैदानात तळहातावर मावेल एवढा, फिकट गुलाबी पाठीचा पिची सिएगो जमिनीखाली राहतो. त्याचे नैसर्गिक जीवन इतके अज्ञात आहे की तो धोक्यात आहे की नाही हेही ठरवता आलेले नाही. अँडीज पर्वतातील बोलिव्हियात चारांगो हे तंतुवाद्य पूर्वी आर्माडिलोच्या पाठीपासून करत. आता ते बहुतेक लाकडाचे करतात. नऊपट्टी आर्माडिलो मात्र माणसाच्या शेजारी फोफावला आणि उत्तरेकडे पसरत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पोहोचला. तो नेहमी चार एकसारखी पिल्ले देतो, कारण एकाच फलित अंड्याचे चार भाग होतात. आपल्याकडे कुष्ठरोग निर्मूलनाच्या कामाची मोठी परंपरा आहे, म्हणून एक गोष्ट सांगण्याजोगी आहे: कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेतील काचपात्रात वाढत नाही, आणि १९७१ मध्ये तो नऊपट्टी आर्माडिलोच्या शरीरात वाढवता येतो हे सिद्ध झाल्यावरच लशीच्या संशोधनासाठी पुरेसे जंतू मिळू लागले. हा जंतू अमेरिकेत माणसाने नेला आणि आर्माडिलोंना तो माणसाकडून लागला. आता शिकार करून त्यांचे मांस हाताळणाऱ्यांना तो त्यांच्याकडून लागू शकतो. ब्राझीलमध्ये १९६७ च्या कायद्याने वन्यप्राण्यांच्या व्यापारी शिकारीला बंदी घातली आहे, परंतु खेड्यापाड्यांत तातूचे मांस अजूनही खाल्ले जाते.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने कोकणात खवले मांजरासाठी गावोगावी काम केले आहे. सेराडोतल्या मधपाळांविषयी वाचताना मला त्या कामाची वारंवार आठवण झाली, कारण तेथेही ज्याच्या परसात बीळ आहे त्या माणसाशी बोलण्यापासूनच सुरुवात होते. लहानपणी आमच्या काजूच्या बागेमागे असलेले बीळ कोणाचे, असे मी आजोबांना विचारले होते. “खवल्याचे,” एवढेच ते म्हणाले आणि त्यांनी मला तिथून दूर नेले. ते बीळ पुढे कोणी वापरले, त्यात कोण राहिले, हे पाहण्याचे आमच्यापैकी कोणाच्या मनात आले नाही.

ब्राझील सोडण्यापूर्वी मी त्या रांचवर पुन्हा एकदा गेले. मधल्या काळात पाऊस होऊन गेला होता. जुन्या बिळाचे तोंड अर्धे ढासळले होते, ढिगारा बसका झाला होता आणि त्याच्यावर पेकारींच्या खुरांचे ठसे एकावर एक उमटलेले होते. बिळाच्या तोंडाशी एक राखाडी पीस पडले होते. गुराखी खाली वाकून बराच वेळ पाहत राहिला, मग उठून झाडीच्या पलीकडच्या टोकाकडे चालू लागला. तिकडे, तीन-चारशे पावलांवर, कोणीतरी आदल्या रात्री उकरलेली ओली वाळू होती, इतकी ताजी की तिच्यावर अजून एकाही प्राण्याचे पाऊल पडलेले नव्हते.